तिला बॉयफ्रेंड मिळतो तेव्हा तिच्या मैत्रिणीचं काय होतं?

सातवी-आठवीच्या वर्गात हे दरवर्षी घडतं. एखाद्या मुलीला बॉयफ्रेंड असल्याचं कळतं आणि घर, शाळा, शेजारपाजार सगळे तिच्याभोवती गोळा होतात. कोण आहे तो, कुठल्या वर्गातला, फोन कुणाचा वापरते, भेटतात कुठे. त्याच वेळी त्याच वर्गातली दुसरी एक मुलगी भरलेला डबा तसाच घरी नेत असते, सकाळी पोट दुखतं म्हणून शाळा बुडवत असते. तिची चौकशी कुणी करत नाही, कारण तिच्या बाबतीत काही घडलंय असं कुणाला वाटतच नाही. कालपर्यंत ती त्या पहिलीची जिवलग मैत्रीण होती. हा लेख तिच्यासाठी, तिच्या आईसाठी आणि तिच्या वर्गशिक्षकांसाठी आहे.

मी याच वयाच्या मुलींना शिकवते. ‘या वयातली भांडणं चार दिवसांत मिटतात’ हे वाक्य स्टाफरूममध्ये आणि पालकसभेत सारखं कानावर पडतं. ते का पटत नाही, हे नीट उलगडून सांगावंसं वाटलं.

बाराव्या वर्षीची मैत्रीण

मोठ्या माणसाची मैत्री संसार, नोकरी, भावंडं, देणीघेणी यांच्या गर्दीत चाललेली असते. एक मैत्रीण दुरावली तर वाईट वाटतं, पण दिवस पुढे सरकतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलीचं तसं नसतं. पाळी आली हे कधीकधी आईच्याही आधी मैत्रिणीला कळलेलं असतं. बाबा पिऊन येतात, ताईचं लग्न मोडलं, गणितात सात मार्क पडले आणि पेपरवर सही आपणच केली, हे सगळं जगात एकाच व्यक्तीला माहीत असतं.

हॅरी स्टॅक सुलिव्हन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाचे विचार त्यांच्या निधनानंतर, १९५३ मध्ये पुस्तकरूपाने आले. त्यांचं म्हणणं असं, की साधारण आठ-नऊ वर्षांपासून वयात येईपर्यंतच्या काळात मुलांच्या आयुष्यात एक अगदी नवी गोष्ट घडते. मुलीला मुलगी, मुलाला मुलगा असा एकच जीवश्चकंठश्च जोडीदार मिळतो आणि दुसऱ्या कुणाचं सुख आपल्या सुखाइतकंच महत्त्वाचं आहे, हे पहिल्यांदा जाणवतं. घरच्यांना आपण आवडतो, कारण आपण त्यांचे आहोत. मैत्रिणीने मात्र आपल्याला निवडलेलं असतं. ‘मी आहे तशी बरी आहे’ ही खात्री मुलीला घराबाहेर पहिल्यांदा इथे मिळते. सुलिव्हन यांना तर वाटायचं, की लहानपणी एकटं पडल्याचे घावही अशा एका मैत्रीत भरून येऊ शकतात.

त्यामुळे ही निवड मैत्रिणीने मागे घेतली असं वाटलं, की ती खात्रीही हलते. मुलगी आईला ‘ती माझ्याशी बोलत नाही’ एवढंच सांगते. मनात मात्र ‘माझ्यात काय कमी आहे’ हा प्रश्न चालू असतो.

वेळ किती असतो हो त्यांच्याकडे?

आपल्याकडच्या मुलींच्या बाबतीत एक साधं गणित आहे आणि ते कुणी मांडत नाही. तेरा वर्षांच्या मुलीला मोठ्यांची नजर नसलेला वेळ दिवसात किती मिळतो? मधल्या सुट्टीची वीस-पंचवीस मिनिटं. शाळेतून किंवा क्लासवरून घरी चालत येतानाचा रस्ता. आणि रात्री आईचा फोन हातात आला तर व्हॉट्सॲपवरचा थोडा वेळ. एवढंच. मोठी माणसं एक ठिकाण गेलं तर दुसरं शोधतात, रविवारी भेटतात. हिला रविवारी कारणाशिवाय घराबाहेर पडता येत नाही.

आता क्लासवरून येताना कोपऱ्यापर्यंत तो मुलगा सायकल हातात धरून सोबत चालायला लागला. मैत्रीण एक तर दहा पावलं मागे चालते, नाही तर दुसऱ्या रस्त्याने जाते. मधल्या सुट्टीत पहिलीचे डोळे व्हरांड्यापलीकडच्या तुकडीकडे. रात्रीचे मेसेज त्याला. कुणी कुणाचा द्वेष केला नाही, भांडणही झालं नाही, तरी आठवड्याभरात दोघींच्या मैत्रीला उभं राहायला जागाच उरत नाही. ‘तू मला इग्नोर करतेस’ हा आरोप आणि ‘मी काहीच केलं नाही’ हे उत्तर, दोन्ही खरी असतात.

मुलगा निमित्त, खरी गोष्ट वर्गातली जागा

पहिल्या बॉयफ्रेंडबद्दल मोठ्यांच्या मनात जे चित्र असतं त्यापेक्षा वास्तव बरंच वेगळं असतं. कुणीतरी चिठ्ठी देतं किंवा मित्राकरवी निरोप पाठवतं, ही ‘हो’ म्हणते, आणि मग आठ दिवस दोघं एकमेकांशी धड बोलतही नाहीत. तेरा वर्षांच्या मुलाला तेरा वर्षांच्या मुलीशी काय बोलायचं ते माहीत नसतं. बोलतात ते बाकीचे. वर्गात चिडवाचिडवी सुरू होते, तो पटांगणातून गेला की मुली खाकरतात, गॅदरिंगच्या सरावात दोघांना मुद्दाम समोरासमोर उभं केलं जातं.

ब्रॅडफर्ड ब्राउन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये किशोरवयातल्या प्रेमसंबंधांचे टप्पे मांडले. पहिल्या टप्प्यात मूल स्वतःलाच चाचपून पाहतं: आपण कुणाला आवडू शकतो का? दुसऱ्या टप्प्यात सगळा भर असतो तो बरोबरीच्यांमध्ये आपलं स्थान काय यावर. कुणाबरोबर नाव जोडलं गेलं, त्याने आपली पत वाढली की घसरली. खरी माया आणि बांधिलकी त्यानंतरच्या टप्प्यांची. सातवी-आठवीतली बहुतेक प्रकरणं पहिल्या दोन टप्प्यांतच सुरू होतात आणि तिथेच संपतात.

त्याच्या बरंच आधी, १९६३ मध्ये, डेक्स्टर डन्फी यांनी सिडनीतल्या किशोरवयीनांच्या टोळक्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. सुरुवातीला मुलींचे गट वेगळे, मुलांचे वेगळे. मग हे गट एकमेकांच्या आसपास घुटमळू लागतात. त्यानंतर दोन्हीकडचे वरचढ, पुढारपण करणारे काही जण आधी एकमेकांत मिसळतात आणि बाकीचे हळूहळू मागून येतात. वर्गात हे उघड दिसतं. गटातली जी मुलगी ठरवते, जिच्या मागे बाकीच्या चालतात, तीच बहुतेक वेळा आधी निघते. मागे राहिलेलीची मैत्रीण तर जातेच, शिवाय गटाचा आधारही जातो. आता मधल्या सुट्टीत कुणाबरोबर बसायचं, हा तिच्यापुढचा खरा प्रश्न असतो.

शरीराची वाढही दोघींना वेगळं करते. एकीला पाचवीतच पाळी सुरू झालेली असते, दुसरीला आठवी संपत आली तरी नाही. जन्मतारखा जवळजवळ, बाक एक, उंचीत आणि मनात मात्र दोन-तीन वर्षांचं अंतर. जिला अजून मुलांमध्ये काडीचा रस नाही, तिला मैत्रीण अचानक परकी भाषा बोलायला लागल्यासारखं वाटतं. काही मुलींना पुढेही मुलांमध्ये रस वाटत नाही, आणि काहींच्या बाबतीत ती मैत्रीण हेच पहिलं प्रेम असतं. त्याबद्दल कुणाशी बोलायची सोय नसल्यामुळे त्यांचं दुःख इतरांहून खोल आणि मुकं असतं. ‘तुलाही मिळेल गं कुणीतरी’ असं या मुलींना कृपा करून म्हणू नये.

गुपिताचं ओझं

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. परदेशी अभ्यासांत याची फारशी चर्चा दिसत नाही, कारण तिथल्या बऱ्याच घरांत तेरा वर्षांच्या मुलीचा बॉयफ्रेंड ही जेवणाच्या टेबलावर चेष्टा करण्याची गोष्ट असते. आपल्या बहुतेक घरांत ती लपवायची गोष्ट आहे. का, तेही स्पष्ट सांगायला हवं. कळलं तर फोन जाईल, क्लास बंद होईल, मार बसेल, मामाच्या गावी पाठवतील. काही घरांत शाळाच सुटेल आणि स्थळं बघायला सुरुवात होईल. मुलींची ही भीती कल्पनेतली नाही. त्यांनी वरच्या वर्गातल्या कुणाचं तरी असं झालेलं पाहिलेलं असतं.

लपवायचं म्हटलं की मदतनीस लागतो. तो कोण? मैत्रीणच.

‘तिच्याकडे प्रोजेक्ट करायला चाललेय.’ ‘तिच्या दादाचा वाढदिवस आहे.’ चिठ्ठी हिने पोचवायची, जिन्यापाशी पहारा हिने द्यायचा, त्याने दिलेलं चॉकलेट आणि टेडी हिच्या दप्तरात. फोनमध्ये तर याहून क्रूर गोष्ट चालते. त्या मुलाचा नंबर आईच्या मोबाइलवर ह्या मैत्रिणीच्याच नावाने सेव्ह केलेला असतो. आई स्क्रीनकडे पाहते आणि निर्धास्त होते: मैत्रिणीशीच बोलतेय. आणि ती मैत्रीण तिच्या घरी तिच्या आईचा फोन घेऊन बसलेली असते, आज तरी मेसेज येईल म्हणून. तिचं नाव रोज रात्री त्या घरात लखलखतं, फक्त ती तिथे नसते.

एवढं करूनही एक दिवस पकडले जातातच. कुणा काकांनी बसस्टॉपवर पाहिलेलं असतं किंवा फोन भावाच्या हाती लागतो. मग पहिलीची आई दुसरीच्या आईला फोन लावते. ‘तुमच्या मुलीला सगळं माहीत होतं. तिच्याच नादाने आमची बिघडली.’ दुसरीला तिच्या घरची विचारतात, ‘तुला माहीत होतं तर सांगितलं का नाहीस?’ आणि शाळेत पहिली विचारते, ‘तूच सांगितलंस ना?’ जिने प्रेम केलं नाही, खोटं स्वतःसाठी बोलली नाही, तिलाच दोन्हीकडून जाब द्यावा लागतो. शेवटी दोन्ही घरांतून फर्मान निघतं: ‘आजपासून तिच्याशी बोलायचं नाही.’ मुलाने अर्धी सैल केलेली मैत्री मोठी माणसं पुरती तोडतात. त्या मुलाशी असलेलं प्रकरण महिन्याभरात विरून जातं, मैत्रीवरची बंदी मात्र दहावीपर्यंत चालते.

जळणं, तुटणं आणि सूड

‘तू जळतेस’ हा या भांडणांतला सगळ्यात धारदार शब्द. जळणं असतंच, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. जेफ्री पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मैत्रीतल्या मत्सरावर काम प्रसिद्ध केलं. हा मत्सर मुलांपेक्षा मुलींनी जास्त सांगितला, आणि ज्यांना स्वतःबद्दल मुळातच कमी वाटतं त्यांच्यात तो अधिक दिसला. म्हणजे ज्या मुलीला मैत्रिणीच्या आधाराची सगळ्यात जास्त गरज, तिलाच तो जाण्याची धास्ती सगळ्यात मोठी.

वगळलं जाणं किती लागतं, हे तपासायला मानसशास्त्रज्ञ एक साधा संगणकी खेळ वापरतात. तिघं एकमेकांकडे चेंडू टाकतात. थोड्या वेळाने दोघं फक्त एकमेकांकडेच टाकू लागतात आणि तिसऱ्याला तो मिळतच नाही. समोरचे दोघं खरे नसतात, सगळा प्रोग्रॅम असतो, पण खेळणाऱ्याला ते माहीत नसतं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींनी हा खेळ मेंदूच्या स्कॅनरमध्ये पडल्या पडल्या खेळला. वगळल्याचा त्रास ज्यांनी जास्त सांगितला, त्यांच्या मेंदूत भावनिक त्रासाशी निगडित काही भागांतली हालचालही जास्त दिसली. अनोळखी माणसांनी, खोट्या चेंडूवरून, काही मिनिटं वगळलं तर एवढं होतं. इथे वगळणारी जिवलग आहे आणि खेळ रोज शाळेत चाललाय.

हे दुःख रागाचं रूप घेतं तेव्हा मात्र जपायला हवं. मुली सहसा हाणामारी करत नाहीत. त्या नातं हेच हत्यार करतात. निकी क्रिक आणि जेनिफर ग्रॉटपीटर यांनी १९९५ मध्ये या प्रकारच्या आक्रमकतेकडे लक्ष वेधलं: गटातून बाहेर टाकणं, कुजबूज पसरवणं, ‘तिच्याशी बोललीस तर माझ्याशी बोलू नकोस’ असं बजावणं. आता त्यात स्क्रीनशॉटची भर पडली आहे. मैत्रीत विश्वासाने पाठवलेले मेसेज वर्गाच्या ग्रुपवर टाकायला दोन सेकंद पुरतात, आणि त्याचे परिणाम त्या मुलीच्या घरात काय होतील हे टाकणारीला त्या क्षणी दिसत नसतं. राग खरा असला तरी हे करू नये. मागे राहिलेल्या मुलीला हे तिच्या बाजूच्या माणसानेच सांगितलं पाहिजे.

याच्या उलट टोकाच्या मैत्रिणीही असतात. त्या दूर जात नाहीत, उलट बॉयफ्रेंडच्या गोष्टीतच बुडतात. ‘ब्लू टिक आली पण रिप्लाय नाही, म्हणजे काय असेल?’ यावर दोघी तासन्‌तास बोलतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये अशा एकत्र घोळवत बसण्याचा अभ्यास मांडला. त्याने मैत्री घट्ट होते हे खरं, पण त्याच्या जोडीने उदासी आणि चिंताही दिसते, आणि हे मुलींमध्ये जास्त आढळतं. ऐकणारी मैत्रीणही त्यात ओढली जाते. तिने ‘आज त्याच्याबद्दल नको, चल दुसरं काही बोलू’ म्हणणं म्हणजे मैत्री तोडणं नव्हे.

मैत्रिणीपासून दूर गेलेल्या मुलीची बाजूही न्यायाने पाहायला हवी. तिला पहिल्यांदाच कुणीतरी मुलगी म्हणून पाहिलंय, ती हरखून गेलेली आहे, आणि हे सगळं कुणाला सांगावं तर मैत्रिणीलाच, असं तिला मनापासून वाटतं. तिला दोन्ही हवंय. दोन नाती एकाच वेळी सांभाळायची रीत तिला कुणी शिकवलेली नाही. एक खूण मात्र तिने स्वतः लक्षात ठेवावी: ‘ती मैत्रीण मला आवडत नाही, तिच्याशी बोलू नकोस’ असं तो मुलगा म्हणू लागला, तर ती माया नाही, हक्क गाजवणं आहे.

कोणतं गुपित ठेवायचं, कोणतं नाही

मुली मला हे कायम विचारतात, तेव्हा सरळ उत्तर देते. कोण कुणाला आवडतं, कुणी चिठ्ठी दिली, कोण कुणाकडे बघून हसलं, ही मैत्रिणीची गुपितं आहेत. ती ठेवावीत. पण तो ‘मुलगा’ वयाने बराच मोठा असेल, कॉलेजातला किंवा नोकरी करणारा असेल. फोटो मागत असेल किंवा हाती असलेल्या फोटोवरून धमकावत असेल. एकटीला लॉजवर, फ्लॅटवर बोलावत असेल. पळून जायचं बोलणं चाललं असेल. किंवा मैत्रीण जीव द्यायची भाषा करत असेल, तर ते गुपित एका विश्वासू मोठ्या माणसाला त्याच दिवशी सांगायचं. ती रागावेल, कदाचित महिनाभर बोलणार नाही. तरीही सांगायचं.

मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या व्यक्तीची लैंगिक संबंधाला दिलेली संमती कायदा संमती मानत नाही. तिने ‘हो’ म्हटलं होतं, हे म्हणणं तिथे चालत नाही. मुलींना आणि मुलांनाही हे आठवीच्या आत माहीत असायला हवं.

सांगायचं कुणाला? घरी शक्य नसेल तर शाळेतल्या बाईंना. महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असणं अपेक्षित आहे, आपल्या शाळेत त्या समितीवर कोण आहेत ते विचारून ठेवावं. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत मदत क्रमांक आहे. मनावर ताण असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांमध्ये किशोरवयीनांसाठी जे सल्ला केंद्र चालतं, त्याचं आपल्याकडचं नावच ‘मैत्री’ आहे. मुलगी तिथे आईबरोबर जाऊ शकते, मैत्रिणीबरोबरही.

आईने काय करावं

मागे राहिलेल्या मुलीच्या आईला माझी विनंती: पहिला प्रश्न ‘त्या मुलीचं काय चाललंय’ हा विचारू नका. तो विचारला की तुमची मुलगी साक्षीदार होते, आणि बंद होते. ‘तुला मधल्या सुट्टीत कोण असतं गं हल्ली?’ एवढं विचारा आणि हातातली भाजी निवडत राहा, तिच्याकडे रोखून बघू नका. बोलली तर मध्ये सल्ला देऊ नका. ‘दुसऱ्या मैत्रिणी कर’ हे तिला तिथल्या तिथे जमणारं नाही. आठवीच्या वर्गात गट ठरलेले असतात आणि त्यात शिरायला दिवस जातात. पण वर्गाबाहेरची एखादी जागा शोधायला तुम्ही मदत करू शकता: लेझीम पथक, कबड्डीचा संघ, चित्रकलेचा वर्ग, जिथे तिला त्या दोघींच्या जोडीतली अर्धी म्हणून कुणी ओळखत नाही.

आणि फोन आलाच, ‘तुमच्या मुलीच्या नादाने’ म्हणून, तर तुमच्या मुलीच्या पाठीशी उभ्या राहा. ती खोटं बोलली असेल, त्याबद्दल नंतर एकांतात बोलता येईल. पहिलीच्या आईलाही सांगणं हेच, की मैत्रिणीवर बंदी घालू नका. तुमची मुलगी कुणा भलत्या माणसाच्या हाती सापडली, तर ते सगळ्यात आधी त्या मैत्रिणीला कळणार आहे.

टिकतात का या मैत्र्या?

बहुतेक टिकत नाहीत, आणि मुलगा मध्ये आला नसता तरी टिकल्या नसत्या. फ्लोरिडातल्या ब्रेट लॉर्सन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सातवीत सुरू झालेल्या मैत्र्यांचा बारावीपर्यंत मागोवा घेतला. शेवटपर्यंत टिकल्या त्या जेमतेम एक टक्का. दोघांमध्ये जितकी तफावत, तितकी मैत्री लवकर सुटलेली. मुलींना मी हा आकडा सांगते तेव्हा त्यांना आधी धक्का बसतो आणि मग हलकंही वाटतं. ‘म्हणजे माझंच काही चुकलं नाही तर,’ असं एकजण म्हणाली.

पण मैत्री सुटली म्हणून तिच्यात शिकलेलं वाया जात नाही. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या जोसेफ ॲलन यांच्या गटाने १६५ मुलामुलींना तेराव्या वर्षापासून तिशीपर्यंत पाहिलं. पुढे कुणाचं प्रेमजीवन समाधानाचं झालं याचा अंदाज किशोरवयातल्या अफेअर्सवरून येत नव्हता. तो येत होता मैत्रीतल्या कौशल्यांवरून, आणि तेराव्या वर्षी त्यातलं महत्त्वाचं होतं ते आपलं म्हणणं मित्रमैत्रिणींपुढे ठामपणे मांडता येणं.

ब्रेकअप झालं की पहिली बहुधा परत येते. दोन महिन्यांनी अचानक बाकावर शेजारी येऊन बसते, जणू काही झालंच नाही. दुसरीने लगेच गळ्यात पडलं पाहिजे असं काही नाही, आणि तोंड फिरवलं पाहिजे असंही नाही. ‘तू दोन महिने माझ्याशी बोलली नाहीस, मला खूप वाईट वाटलं’ हे वाक्य आधी बोलून झालं पाहिजे. ते तिला एकटीला सांगावं, मेसेजवर नको, आणि बाकीच्या मुली ऐकत असताना तर मुळीच नको. समोरची रडली, सॉरी म्हणाली, तर पुढचं दोघी बघतील. ‘तू जळत होतीस’ असं म्हणाली, तर दप्तर उचलून पुढच्या बाकावर बसायला हरकत नाही.